शिकंजा, अंदाजे दीडशे वर्षांपूर्वीचा

बाइंडरने पुढच्या खोलीत खिडकीच्या उजेडात सहाव्या पुठ्ठ्याला खळ लावली, प्रबंधाच्या सहाही ओल्या प्रती परातीत रचल्या, परात उचलून मागच्या खोलीत गेला आणि दारातच थबकला. शिकंजा जागेवर नव्हता.

दोन जाड फळ्या आणि वर लोखंडी चाक. चाक फिरवलं की वरची फळी खाली उतरते आणि पुस्तकं दाबून धरते, असं ते यंत्र. उचलायला चार माणसं लागायची. ते कुठेतरी ठेवून विसरण्यासारखं नव्हतं.

"अगं ए! शिकंजा कुठाय?"

"दिला," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

"दिला म्हणजे? कुणाला दिला?"

"म्युझियमला. सकाळी तुम्ही कापड आणायला गेलात ना, तेव्हा माझा भाऊ टेम्पो घेऊन आला होता. मेळ्यात त्याने 'जुना काळ' म्हणून प्रदर्शन मांडलंय. म्हणाला, ताई, काही जुनंपुराणं असेल तर दे."

"आणि तू माझा धंदा उचलून दिलास?"

"तुम्हीच रोज म्हणता, हे धूड म्युझियममध्ये टाकायच्या लायकीचं झालंय! कालसुद्धा म्हणालात. दोनदा."

म्हणाला होता खरा. चाक अडकलं की दरवेळी म्हणायचा. तीस वर्षांच्या संसारात बायकोने त्याचं एक वाक्य मनावर घेतलं नव्हतं, आणि आज नेमकं हेच घेतलं. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पण भांडायलाही सवड नव्हती. ओला पुठ्ठा तीन-चार तास दाबाखाली राहिला नाही तर वाळताना वाकतो. प्रबंध होता शाळेतल्या एका बाईंचा. नोकरी, सासर आणि दोन मुलं सांभाळत त्यांनी तो अकरा वर्षांत पुरा केला होता. विद्यापीठाने एकदा वाढवून दिलेली मुदत आज संध्याकाळी पाचला संपत होती, आणि तिथला कारकून वाकडी प्रत घेत नाही हे बाइंडरला पक्कं ठाऊक होतं. "चार वाजता या, घेऊन जा," असा शब्द त्याने बाईंना दिला होता. आता साडेअकरा झाले होते.

"बाई आल्या तर मैदानावर पाठव," तो परात सावरत म्हणाला. "आणि तुझा भाऊ आज माझ्या हातून वाचला तर नशीब समज."

मैदानाच्या फाटकावर त्याला स्वतःचाच शिकंजा बघायला तिकीट काढावं लागलं. पाळणे, म्हशींचे तंबू, फुगेवाले ओलांडत, कुणाचा धक्का लागला की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत तो 'जुना काळ'च्या पत्र्याच्या शेडमध्ये शिरला. आत जुने नांगर, जुने कंदील, भाता फुंकणारा प्लास्टरचा लोहार, आणि त्याच्या शेजारी दोरीच्या कुंपणात शिकंजा. पुढे पाटी होती: 'अज्ञात यंत्र. बहुधा तेल गाळण्यासाठी. अंदाजे दीडशे वर्षांपूर्वीचे.'

"दीडशे?" बाइंडर किंचाळला. "अरे, हा माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहे!"

मेहुणा धावत आला. छातीवर बिल्ला होता. "दाजी, हळू! पाहुण्यांनी आत्ताच उद्घाटन केलंय. या यंत्रापाशी पाच मिनिटं उभे होते."

"टेम्पो बोलाव. आत्ताच्या आत्ता."

"मेळा संपेपर्यंत वस्तू बाहेर काढता येत नाही, दाजी. नियम आहे. तीन वाजता परीक्षक येणारेत. एक वस्तू कमी दिसली तर नंबर गेला."

"नियम कुणी केला?"

"मी."

बाइंडरने दातओठ खाल्ले. मग मेहुण्याला बाजूला सारलं, परात डोक्यावर धरली आणि दोरी ओलांडून आत गेला. "शिकंजा बाहेर येत नाही ना? मग मी आत येतो. तुझ्या नियमात माणसाने आत येऊ नये असं लिहिलंय का?"

मेहुणा विचारात पडला. लिहिलं नव्हतं. 'वस्तूंना हात लावू नये' एवढंच लिहिलं होतं, आणि बाइंडरने तर दोन्ही हातांनी चाक धरलं होतं. प्रती फळ्यांमध्ये बसल्या, चाक कुरकुरत आवळलं गेलं. एक काम झालं. पण येणारा-जाणारा प्रत्येक जण ते चाक फिरवून बघायला टपलेला दिसल्यावर जाणार कुठे? तो तिथेच स्टुलावर बसला आणि लोकांकडे डोळे वटारून बघू लागला.

एक आजी जवळ आल्या. चष्मा पुसून त्यांनी त्याला निरखलं आणि सुनेला म्हणाल्या, "लोहारापेक्षा हा चांगला जमलाय गं. रंग बघ, अगदी खऱ्यासारखा."

"मी खराच आहे!"

"अगंबाई, बोलतोसुद्धा!"

झालं. पाळण्याची रांग मोडून माणसं इकडे वळली. कुणी त्याचा गाल दाबून पाहिला, कुणी पाठीमागे बटण शोधलं. एका गृहस्थाने अदबीने विचारलं, "काका, त्या काळी वीज होती का हो?"

"कोणत्या काळी? सकाळी होती की!"

शेड हसण्याने दणाणून गेली. बाइंडर जितका चिडे तितकी गर्दी वाढे. त्याला उठून दोघा-चौघांच्या कानाखाली वाजवावीशी वाटत होती, पण उठलो तर कुणाचातरी चाकाला हात लागणार या धास्तीने तो बसल्या जागी धुमसत राहिला.

तीन वाजता परीक्षक आले. मेहुणा कानाशी पुटपुटला, "दाजी, पाया पडतो, जरा हसा." तेवढ्यात एका परीक्षकाने आरामात चाकावर कोपर टेकलं.

"कोपर काढा!" बाइंडर गरजला. "अर्धा फेरा सुटला तर एका बाईची अकरा वर्षं पाण्यात जातील! शिकलेसवरलेले दिसता, अक्कल कुठे ठेवून आलात?"

मेहुण्याच्या तोंडचं पाणी पळालं. परीक्षकांनी मात्र मान डोलावत वहीत काहीतरी टिपलं.

चारला प्रबंधवाल्या बाई घामाघूम होऊन आल्या. बाइंडरने चाक सैल केलं, एकेक प्रत काढून डोळ्यांसमोर आडवी धरली. कुठे रेसभर वाक नव्हता. बाईंचे डोळे भरून आले. "काका, कसे आभार मानू?"

"आभार नकोत, पळा आधी! पाचला खिडकी बंद होते!" तो खेकसला, आणि त्या गर्दीत दिसेनाशा होईपर्यंत टाचा उंचावून बघत राहिला.

त्या गेल्यावर त्याचा राग उतरायला लागला होता, इतक्यात कर्ण्यावर पहिल्या फेरीचा निकाल जाहीर झाला. उत्कृष्ट व्यक्तिरेखा: पहिला क्रमांक, लोहार. दुसरा क्रमांक, चिडका कारागीर.

"अभिनंदन, दाजी!" मेहुण्याने त्याला मिठी मारली.

"दुसरा?" बाइंडरने त्याला ढकललं. "अरे, तो लोहार प्लास्टरचा आहे! बोलला का तो एक शब्द? मी चार तास घसा फोडतोय, आणि दुसरा?"

"मी विचारलं ना त्यांना. म्हणाले, मेहनत घेतलीय, पण राग जरा ओढूनताणून आणल्यासारखा वाटला."

बाइंडर लाल झाला, मग जांभळा झाला. खाली ठेवलेली परात त्याने उचलली आणि पुन्हा खाली आपटली.

"उद्या हेच परीक्षक येणारेत?"

"हो, उद्या अंतिम फेरी. पण दाजी, टेम्पो सांगितलाय मी. नियम राहू दे, शिकंजा आजच घरी सोडतो."

"हात तर लाव त्याला!" बाइंडर ओरडला, आणि दोरी ओलांडून पुन्हा स्टुलावर जाऊन बसला. "फाटक किती वाजता उघडतं ते सांग."