वाघमारे सरांचा नंबर

आमच्या शेजारच्या वाघमारे सरांसमोर ‘नंबर’ हा शब्द काढायची सोय नाही. लगेच विचारतात, “कोणता नंबर?” सेलूच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झाले, पण शिकवणं काही सुटलेलं नाही.

चष्म्याचा नंबर, शेताचा गट नंबर, वर्गातला पहिला नंबर, अशा एकोणीस नोंदी त्यांच्या वहीत आहेत. एकदा माझी वांग्याची भाजी ‘एक नंबर’ झाली म्हणाले. मी खूश होते न होते तोच घास हातात धरून सांगत बसले, की शब्द मुळात लॅटिन, ‘न्युमेरस’. तिथून फ्रेंचांकडे, मग इंग्रजांकडे, मग आपल्याकडे. भाजी गार झाली. ‘दोन नंबरचा धंदा’ ही नोंद त्यांनी पेन्सिलीने केलीय, पोलिसांनी वही मागितलीच तर खोडता यावी म्हणून.

कापसाच्या बाजारात एका गाडीवाल्याला त्यांनी असंच धरलं. तो बिचारा “सर, माझा नंबर आलाय” म्हणत राहिला. सर फ्रान्सपर्यंत पोचले तोवर मागच्या दोन गाड्या पुढे निघून गेल्या.

अलीकडे वही नाकाला टेकवून वाचायचे. मोतीबिंदू. ऑपरेशनसाठी परभणीला तीनदा गेले आणि तीनदा तसेच परतले. “एका म्हातारीला लय घाई होती ताई, माझा नंबर तिला दिला.” दर वेळी नवी म्हातारी. डॉक्टर म्हणाले होते, आणखी उशीर केला तर नजर जाईल. शेवटी मीच सोबत गेले.

दवाखान्याच्या रांगेत खिडकी दोन माणसांवर आली आणि सर मागच्या माणसाला म्हणाले, “पाव्हणं, तुमी व्हा म्होरं.” माझं डोकंच फिरलं.

“सर, आता नंबर सोडलात तर ती वही चुलीत घालीन.”

आमचा नंबर आला तसा खिडकीतल्या बाईंनी कागद पुढे केला. “घरचं कोण आलंय? सही लागते.”

सर खाली बघायला लागले. त्यांच्या बायकोला जाऊन सहा वर्षं झाली, मूलबाळ नाही. तीनदा ते इथूनच का फिरले ते मला तेव्हा कळलं. मघाचं बोलणं आठवून माझी मलाच लाज वाटली.

“मी आलेय,” मी म्हणाले.

“नातं?”

“लेक लिहा.”

मी सही केली. आत जाताना सर दारात थांबले.

“ताई, उद्या पट्टी काढायलाबी कुणीतरी लागतंय म्हणं.”

“येते की.”

“आन् पुढल्या सोमवारी तपासायला?”

“सोमवारी पण येते. जा आता.”

मग ते आत गेले.