डावीकडचा ब्रेक

आमच्या सोनवणे काकांनी गाडीला लिंबू-मिरची बांधली, तर ते विमा कंपनीला कळवतात. मी थट्टा करत नाही. मी त्यांचा विमा एजंट आहे, गारखेड्यात त्यांच्या खालच्याच मजल्यावर राहतो, आणि ती पत्रं माझ्याच हातात पडतात. "विषय: वाहनात केलेला बदल. पुढील बंपरला लिंबू एक, मिरच्या सात. दर शनिवारी नवीन. कळावे." खाली सही, सोबत फोटो.

काका वाळूजच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं तपासणी खात्यात होते. एका नटावरही त्यांनी कधी विश्वास टाकला नाही. ते रिटायर झाले तेव्हा कारखान्यानं पेढे वाटले म्हणतात, आणि मग ते माझ्याकडं वळले. सीट कव्हर बदललं, कळवलं. डॅशबोर्डवर गणपती बसवला, तोही सोंडेच्या दिशेसकट कळवला. मी म्हणायचो, "काका, एवढ्या तेवढ्याला कुणी विचारत नाही हो."

"आज नाय विचारत. क्लेमच्या दिवशी विचारतील. मिलिंदा, तोंडी बोलणं वाऱ्यावर जातं. लेखी पायजे."

वर पोच म्हणून माझी सही घ्यायचे. ते गेले की मी पत्र खणात टाकायचो. कंपनीला लिंबाची बातमी देऊन मला माझं हसं करून घ्यायचं नव्हतं.

एक पत्र मात्र पुढं पाठवावंच लागलं. त्याची गोष्ट काकूंपासून सुरू होते.

दोन वर्षांपूर्वी काका-काकू वैजापूरला निघाले होते. तिथं काकूंची आई असते, नव्वदीला टेकलेली. वाटेत कांद्यानं भरलेला ट्रॅक्टर अचानक थांबला आणि काकांची गाडी ट्रॉलीपासून वीतभर अंतरावर उभी राहिली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण काकू खाली उतरल्या त्या उतरल्याच. "मी आता यांच्या शेजारी बसायची नाय. माझा पाय खाली नुसताच जमिनीवर दाबत राहतो, आणि गाडी थांबवायची का नाय ते हे ठरवणार." गुडघ्यांमुळं एसटीच्या पायऱ्या चढवत नव्हत्या. म्हणजे माहेर बंद. आई फोनवर विचारायची, कधी येतीस, आणि काकू बोलता बोलता उगाच पदराचं टोक पिळत बसायच्या.

काकांनी काय करावं? ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो ना, तसा डावीकडं बसवून घेतला. खास काकूंसाठी. काकूंनी पेडल बघितलं, दाबून बघितलं, आणि चाळीस वर्षांच्या संसारात शिकलेली एकच गोष्ट नवऱ्यावर उलटवली.

"कंपनीला मान्य हाय का? लेखी दाखवा. मग बसते."

मला हसू आवरेना. काकांना मात्र घाम फुटला. त्यांनी पत्र दिलं, आणि या वेळी माझ्या खणावर त्यांचा भरवसा नसावा, कारण मी ते पाठवेपर्यंत समोर बसून राहिले. कंपनीनं उलट विचारलं, सदर वाहन प्रशिक्षणासाठी वापरले जाते काय? काकांनी बाणेदार उत्तर दिलं, "प्रशिक्षण चाळीस वर्षे चालू आहे. परंतु ते मी घेत आहे, देत नाही." यावर कंपनीनं गाडी तपासायला सर्व्हेअर पाठवायचं ठरवलं. मीही पाठवला असता.

सर्व्हेअर बजाजनगरहून आले. पन्नाशीचे, कमी बोलणारे गृहस्थ. जन्मभर दुसऱ्यांचा माल नापास करणारे काका गाडीशेजारी असे उभे राहिले की मला त्यांची चक्क दया आली. काकू वरच्या गॅलरीत होत्या. नवी साडी नेसलेल्या, पर्स काखेत. आईसाठी केलेले लाडू त्यांनी सकाळीच डब्यात भरून ठेवले होते.

सर्व्हेअर डावीकडं वाकले. पेडल हातानं दाबलं. मॅटखाली बघितलं, बॅटरी मारून बघितलं. मग हळूच म्हणाले, "हे कशालाच जोडलेलं नाही."

मी काकांकडं बघितलं. तारीख, सही, पोच यांच्याशिवाय न बोलणारा माणूस खाली मान घालून उभा होता.

"नुसती स्प्रिंग हाय साहेब," काका कुजबुजले. "खरा ब्रेक दिला तर ती खड्डा दिसला तरी दाबंल, मागून ट्रक येऊन आदळंल. मेकॅनिकच नको म्हणला. मी एक डोळा तिच्या पायावर ठेवीन. तिनं दाबला की मी माझा दाबीन. तिची माय लई थकलीय. एकदा भेट व्हायला पायजे." आणि मग जे वाक्य त्यांच्या तोंडून निघेल असं मला सात जन्मात वाटलं नसतं, ते निघालं. "एवढं लेखी नको."

सर्व्हेअरनी वर गॅलरीकडं बघितलं. मग पेनाचं टोपण काढलं. इंग्रजीत लिहिलं की डावीकडं पाय टेकवायला आधार बसवलाय, वाहनाच्या चालण्यावर परिणाम नाही. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

आठवड्यानं पॉलिसीत नोंद होऊन कागद आला. काकूंनी तो माझ्यापुढं धरला. "वाच रे बाबा, काय म्हणतेत?"

"डावीकडचा ब्रेक कंपनीला मान्य आहे, काकू." विमा एजंटनं खोटं बोलायची ही आपल्या शहरातली पहिलीच वेळ असावी.

काकूंनी कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली आणि दोन वर्षांनी गाडीत बसल्या. मांडीवर लाडवांचा डबा. गाडी गेटातून बाहेर पडते न पडते तोच कॉलनीतली म्हैस आडवी आली. काकूंनी पाय दाबला. गाडी जागच्या जागी थांबली.

काकूंनी काचेतून डोकं बाहेर काढून मला सांगितलं, "बघितलंस? मी होते म्हणून थांबली."

"व्हय," पलीकडून काका म्हणाले. "हिनंच थांबवली."

म्हैस निघून गेली तरी काका थांबूनच होते. काकूंनी पाय उचलला, तेव्हा गाडी वैजापूरकडं निघाली.