बबनरावांची नापास बॅच

मिरच्या भाजायला बसताना बबनराव डोळ्यांवर कारखान्यातला जुना गॉगल, हातांत रबरी मोजे आणि नाकावर ओला पंचा अशा थाटात बसत. दाराला पाटी लागे: ‘प्लँट चालू आहे. शिंकणाऱ्यांनी लांब जावे.’ शिंकणारा म्हणजे मी. त्यांच्या आणि माझ्या खोलीची भिंत एकच होती.

कुरकुंभच्या एका केमिकल कारखान्यात ते ऑपरेटर आणि मी शाळेत मास्तर. नव्वद सालानंतरची गोष्ट. मशीन बसवायला आलेल्या एका परदेशी इंजिनिअरने निरोपाच्या पार्टीत निखाऱ्यावर कोंबडी भाजली आणि वरून बाटलीतला लाल सॉस फासला. सगळे वाहवा करत होते. बबनरावांनी बोट चाटलं आणि म्हणाले, “ह्येला तिखट म्हंत्यात व्हय? ह्यो तर गुळाचा पाक हाय.”

त्यानंतर त्यांनी स्वतःचा सॉस सुरू केला. पिकलेल्या ताज्या लाल मिरच्या, टोमॅटो आणि लसूण निखाऱ्यावर भाजायचे, वाटून मलमलीतून गाळायचे, मग चिंच-गूळ घालून आटवायचे. मीठसुद्धा तराजूत तोलून. “प्रोसेस म्हंजी प्रोसेस, मास्तर!” बाटलीवर बॅच नंबराची चिठ्ठी. चव मात्र कुणी घ्यायची नाही. ते काम क्यूसीचं, म्हणजे माल तपासून पास-नापास ठरवणाऱ्याचं.

क्यूसी म्हणजे त्यांचे वडील. आबांनी जन्मभर मेंढरं राखली. आता कवठे येमाईला शेतावर एकटे राहत, कुरकुंभला यायला तयार नव्हते. दर रविवारी बबनराव दौंड, शिरूर अशा एसट्या बदलत बाटली घेऊन जात आणि संध्याकाळी पडेल चेहऱ्याने परत येत. “फेल. मीठ जास्त.” पुढच्या आठवड्यात आंबट जास्त. अकरा बॅचा अशा गेल्या. एवढा काटेकोर माणूस दर वेळी नापास होतो, याचं मला फार वाईट वाटायचं.

बाराव्या बॅचला कारखान्यातून तातडीचं बोलावणं आलं. “मास्तर, निस्तं हलवत ऱ्हावा. चव घेऊ नगा,” असं बजावून ते पळाले. मी चव घेतली. खारट! चूक दिसली की दुरुस्त करायची, ही आम्हा मास्तरांची खोड. दोन भाजके टोमॅटो आणि गुळाचा खडा घातला. सॉस असा फक्कड जमला की मी तीनदा चाटला. बबनरावांना काही बोललो नाही. निकाल डोळ्यांनी पाहावा म्हणून रविवारी त्यांच्याबरोबर गेलो.

आबांनी भाकरीला सॉस लावला. खाल्ला. पुन्हा लावला. डोळ्यांतून पाणी, कपाळावर घाम. बबनरावांचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, निकालाची भीती.

“कसं हाय, आबा?”

आबांनी बाटली उचलून सगळीकडून न्याहाळली. शेवटी म्हणाले, “झाकण लई घट्ट हाय. फेल!”

बबनरावांनी केवढा तरी श्वास सोडला.

परतीच्या एसटीत त्यांनी विचारलं, “काय घातलं त्यात?”

“मीठ जास्त झालं होतं, म्हणून...”

“झालं नव्हतं. म्या तोलून जास्त टाकलं हुतं.” ते हळू आवाजात बोलत होते. “काम नसताना गेलो की आबा वराडत्यात. कशाला आलास, पगार बुडवू नगं, माघारी जा. बॅच फेल झाली, तर पुढल्या रविवारी ये म्हंत्यात.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हणालो, “पण बबनराव, झाकण मीच लावलं होतं. सैलच होतं.”

शिरूर आलं तेव्हा ते पंचाने तोंड पुसून म्हणाले, “पुढल्या खेपेला मीठ दोन चमचं वाढवतो. म्हाताऱ्यानं झाकणावर किती दिस भागवायचं?”