बाळाला विचारलंत का?

मालूताई आठल्ये सहा महिन्यांच्या बाळाचा फोटो काढायचा असला तरी आधी बाळाची परवानगी मागत. नुसती मागत नसत, उत्तर येईपर्यंत थांबत.

बाळासमोर जमिनीवर बसकण मारायची, पदर खोचायचा आणि बँकेच्या मॅनेजरशी बोलावं तशा आवाजात विचारायचं, "हे फ्रँक. ह्यांना तुमचा एक फोटो हवाय. चालेल का?" बाळ अमेरिकन असलं तरी प्रश्न मराठीतच. त्या वयात सगळ्या भाषा सारख्याच, असं त्यांचं म्हणणं. मग त्या गप्प बसत. आमचा फोटोग्राफर फ्रँक कॅमेरा डोळ्याला लावून ताटकळत उभा, आणि खिडकीतलं ऊन आपलं सरकत चाललेलं. बाळाने पाय झाडले की "हो म्हणाला." तोंड फिरवलं की "नको म्हणतोय. फ्रँक, कॅमेरा खाली."

एकदा फ्रँक वैतागून म्हणाला, "मॅलू, ही इज ड्रूलिंग! आता लाळ गाळणं म्हणजे येस की नो?"

मालूताईंनी बाळाकडे नीट निरखून पाहिलं. "मेबी," त्या म्हणाल्या.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही तेव्हा न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरला राहत होतो. माझा नवरा श्रीकांत जवळच्याच एका लॅबमध्ये होता आणि मी ट्रेंटनला, मुलांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत. माझ्या टेबलावरच्या पाटीवर 'कम्युनिकेशन्स सपोर्ट' असं भारदस्त लिहिलेलं होतं. नाशिकला हे कळवलं तेव्हा वडिलांना वाटलं, मी टेलिफोन खात्यात लागले. तसं ते फार चुकलेही नव्हते. दिवसभर फोन घ्यायचे, वर्तमानपत्रांना पाठवायच्या बातम्या टाइप करायच्या आणि संस्थेचं न्यूजलेटर निघालं की पाकिटांवर पत्ते चिकटवायचे, हाच माझा सपोर्ट.

न्यूजलेटर मालूताई करत. तेव्हा पानं कंप्युटरवर लागत नसत. मजकुराच्या पट्ट्या आणि फोटो कापायचे, मागून गरम मेण लावायचं आणि मोठ्या पुठ्ठ्यावर चिकटवून तो पुठ्ठा छापखान्यात धाडायचा. मालूताईंच्या साडीला कायम त्या मेणाचा वास यायचा. साडीवर स्वेटर, पायात पांढरे स्नीकर्स आणि कानामागे पेन्सिल. प्रत्येक फोटोच्या मागे त्या पेन्सिलीने लिहिलेलं असे, 'विचारलं. हो म्हणाली.' हे लिहिलेलं नसलेला फोटो त्यांच्या हातून पानावर जाणं शक्यच नव्हतं.

एकदा यावरून महाभारत झालं. पहिल्या पानासाठी एका निवाऱ्यातल्या मुलीचा फोटो हवा होता. मोठाले डोळे, विस्कटलेले केस. आमच्या डायरेक्टर बार्बराबाई म्हणाल्या, हा चेहरा पाहून देणगीदार विरघळतील. मुलगी मात्र मालूताईंना स्वच्छ 'नो' म्हणाली. फ्रँकने दाराआडून हळूच एक फोटो काढून आणला. मालूताईंनी तो त्याच्या देखत कात्रीने कापला. पान तर त्याच दिवशी जायचं होतं. त्यांनी काय केलं, त्या जागी नुसती रिकामी चौकट चिकटवली आणि खाली ओळ टाकली, 'या मुलीला आम्ही विचारलं. ती नको म्हणाली.'

छापखान्यातून फोन आला, तो अर्थात मीच घेतला. "तुमचा फोटो वाटेत पडला बहुतेक."

मी मालूताईंकडे पाहिलं. "पडला नाही म्हणावं," त्या मान वर न करता म्हणाल्या. "तिने स्वतःकडे ठेवून घेतलाय."

अंक लोकांच्या हातात पडला तेव्हा बार्बराबाईंचा चेहरा बघवत नव्हता. पण मग माझा फोन जो वाजायला लागला, तो थांबेचना. ती मुलगी बरी आहे ना? तिला काय आवडतं? तिला काही पाठवलं तर चालेल का, की तेही आधी विचारावं लागेल? इतकी विचारपूस कुठल्याच फोटोने करवली नव्हती. पुढच्या मीटिंगमध्ये बार्बराबाई 'आपण ती चौकट रिकामी ठेवायचं ठरवलं तेव्हा' असं बोलायला लागल्या. मालूताई खाली बघून नखांतलं मेण काढत होत्या.

हे खूळ ऑफिसात राहिलं असतं तर ठीक होतं. पण त्यांनी आमच्या मराठी मंडळींनाही सोडलं नाही. कुलकर्ण्यांच्या घरी बारसं होतं. खास पुण्याहून आलेल्या आजी, हॉटेलातून मागवलेले पेढे, बेसमेंटमध्ये बांधलेला पाळणा. आत्याने वाकून बाळाच्या कानात 'त्र्यंबक' असं नाव सांगितलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाधप मारून घेतलं, आणि मागून आवाज आला, "बाळाला विचारलंत का?"

"अहो, आजोबांचं नाव आहे ते!" आजी कडाडल्या.

"आजोबांना आवडत असेल. ह्यांना विचारा ना."

नेमका त्याच क्षणी त्र्यंबकने भोकाड पसरलं. "भूक लागलीय त्याला," आजी म्हणाल्या.

"लागली असेल. नाव ऐकेपर्यंत नव्हती लागली."

तो मुलगा पुढे शाळेत गेल्यावर टिम झाला, यात मालूताईंचा काही दोष नाही. पण आजींनी तो त्यांच्याच माथी मारला.

मुलं मात्र त्यांच्यावर फिदा होती. बाकी सगळ्या काकू-मावश्या दिसेल त्या पोराचा गालगुच्चा घ्यायच्या. मालूकाकू आधी विचारायच्या, "पापी घेऊ का?" नाही म्हटलं तर हात मिळवायच्या, आणि राग नाही की रुसवा नाही. एक मुलगी मला म्हणाली होती, "मालूकाकू इज द ओन्ली वन हू वेट्स." मी ते श्रीकांतला सांगितलं आणि आम्ही दोघंही हसलो. बाई प्रेमळ, पण जरा चक्रम, असं आमचं ठरून गेलं होतं.

आमची सई तेव्हा दहा महिन्यांची होती. तिला सांभाळणाऱ्या शेजारच्या आजीबाईंनी फ्लॉरिडाला जायचं ठरवलं आणि आमचं धाबं दणाणलं. डे-केअरमध्ये भलीमोठी वेटिंग लिस्ट. श्रीकांतची नोकरी अजून पक्की नव्हती, त्यामुळे माझी सोडणं शक्य नव्हतं. त्या काळात आमच्यात याला एक सरळ उपाय होता: बाळाला इंडियात आजी-आजोबांकडे पाठवायचं. वर्ष-दोन वर्षं तिकडे वाढतं, तोवर आपण इथे स्थिरावतो. बरीच जणं असं करत आणि कुणाला त्यात वावगं वाटत नसे. आमच्या ओळखीतली देशपांडे मंडळी जूनमध्ये इंडियाला जाणारच होती. त्यांच्यासोबत सईला पाठवायचं आम्ही नक्की केलं. नाशिकला आईने माळ्यावरून पाळणा काढून पुसूनसुद्धा ठेवला.

जेवणाच्या सुट्टीत मी हे मालूताईंना सांगितलं. त्या आता विचारणार, बाळाला विचारलंस का, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी हसून काय उत्तर द्यायचं तेही तयार ठेवलं होतं. पण त्यांनी विचारलंच नाही. "असं होय," एवढंच म्हणाल्या, अर्धा डबा तसाच बंद केला आणि उठून गेल्या. दुपारी फ्रँक एक पुठ्ठा घेऊन माझ्याकडे आला. मालूताईंनी एक फोटो उलटा चिकटवला होता. "व्हॉट्स राँग विथ मॅलू?" तो म्हणाला. इतकी वर्षं त्यांचा फोटो केसभर वाकडा गेलेला कुणी पाहिला नव्हता.

शनिवारी सकाळी त्या आमच्या घरी हजर. हायवेवर गाडी घालायला त्या घाबरत. ट्रेंटनहून आतल्या आतल्या रस्त्यांनी, बैलगाडीच्या वेगाने, सगळे दिवे लुकलुकवत त्या आल्या होत्या. मागे तुंबलेल्या गाड्यांची वरात थेट आमच्या कॉम्प्लेक्सच्या तोंडापर्यंत आली होती. आत येऊन त्या कार्पेटवर बसल्या. समोर सई प्लास्टिकचा चमचा चघळत बसली होती.

"वीणा," त्या म्हणाल्या, "आमच्या शिरीषला मी असाच पाठवला होता."

त्यांचा मुलगा शिरीष मला नुसता ऐकून माहीत होता. तिकडे कॅलिफोर्नियात, क्युपर्टिनोला कंप्युटर कंपनीत होता. आठल्येकाका गेल्यापासून मालूताई ट्रेंटनच्या घरात एकट्याच असत.

"आठ महिन्यांचा होता गं. रत्नागिरीला, सासूबाईंकडे पाठवला. ह्यांची पीएचडी चालू, मी एका लॅबमध्ये बाटल्या धूत होते. दोन वर्षं म्हणून पाठवला. मग ह्यांची नोकरी झाली, मग घर, मग आणखी काही. चार वर्षांनी आला. एअरपोर्टवर मी हात पुढे केले तर सोबत आलेल्या बाईंच्या मागे लपला. घरी सगळे सांगायचे, अरे, ही तुझी आई. तो म्हणायचा, आई रत्नागिरीला आहे. हाक मारायची झाली की मला काकू म्हणायचा. इथे दिसेल ती बाई काकू, तशीच मीही एक."

सईने चमचा खाली आपटला. मालूताईंनी तो उचलून तिच्यापुढे धरला.

"मी त्याला ओढून ओढून जवळ घ्यायची. पापे घ्यायची. तो अंग चोरून उभा राहायचा. पाठवताना नाही विचारलं, आणताना नाही विचारलं. निदान पापी घेताना तरी विचारायचं होतं. तेही मला सुचलं नाही."

"पण आता म्हणतो ना आई?" मी विचारलं.

"म्हणतो की. गुणी आहे माझा मुलगा. दर रविवारी फोन करतो. आधी हॅलो म्हणतो, मग जरासा थांबतो आणि मग आई म्हणतो. इतकं थोडं थांबतो, दुसऱ्या कुणाला कळायचंही नाही. मला कळतं."

मला रडू येत होतं आणि त्यांचा रागही येत होता. माझा सगळा बेत त्यांनी असा कार्पेटवर बसून उसवायला घेतला होता. मी जरा तोडूनच म्हटलं, "पण मालूताई, हिला विचारून हिला काय कळणार?"

"काही कळत नाही. मी काय वेडी आहे? पण विचारताना आपला आवाज कसा येतो, ते आपल्याला कळतं. विचारून बघ."

मी सईसमोर बसले. म्हटलं, "सई, तुला नाशिकला…" सईने तोंडातला चमचा काढून माझ्यापुढे केला, खा म्हणून. पुढचं वाक्य माझ्याच्याने बोलवेना. श्रीकांत चहाचा ट्रे घेऊन दारात उभा होता, तो तिथेच उभा राहिला.

"मी बार्बराशी बोललेय," मालूताई म्हणाल्या. "पानं मी घरी बसून चिकटवीन. दिवसा ही माझ्याकडे राहील. म्हणजे, हिची हरकत नसेल तर." मग सईकडे वळून, पदर खोचून, त्यांच्या त्या बँकेच्या आवाजात, "सईबाई, मी तुम्हाला सांभाळलं तर चालेल का?"

सईने त्यांच्याकडे टक लावून पाहिलं आणि तोंड फिरवलं.

मालूताई गुडघ्यावर हात टेकून उठायला लागल्या. "नको म्हणाली."

"अहो मालूताई, झोप आलीय तिला!" श्रीकांत ट्रेसकट पुढे धावला.

"आली असेल. उद्या विचारते."

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या, गाड्यांच्या वरातीसह. सईने पुन्हा तोंड फिरवलं. पुढच्या शनिवारीही तेच. देशपांड्यांच्या बॅगा भरून होत आल्या होत्या, आणि आमच्या घरातली दोन शिकलीसवरली माणसं एका दहा महिन्यांच्या पोरीच्या मानेकडे डोळे लावून बसली होती. रविवारी मालूताईंनी प्रश्न विचारला आणि थांबल्या. सई रांगत रांगत त्यांच्यापर्यंत गेली, त्यांच्या पदराला धरून उभी राहिली आणि आपल्या तोंडातलं भिजून लगदा झालेलं बिस्किट तिने त्यांच्या तोंडात कोंबलं. दुसऱ्याच्या कपातला चहा न पिणाऱ्या मालूताईंनी ते गिळलं. "हो म्हणाली," त्या भरल्या तोंडाने म्हणाल्या.

मी आईला नाशिकला फोन करून पाळणा परत माळ्यावर टाकायला सांगितलं. ती रडली, मीही रडले, आणि ट्रंक कॉलची वेळ त्यातच संपली.

त्या हिवाळ्यात सई बोलायला लागली. एक दिवस मी ऑफिसातून तिला घ्यायला गेले. मालूताईंच्या घराची किल्ली माझ्याकडे असे. बर्फाने भरलेले बूट काढत मी दाराशीच वाकले होते, माझी चाहूल आत कुणाला लागली नव्हती. खोलीत मालूताईंच्या मांडीवर सई बसली होती. शेजारी अर्धवट चिकटवलेला पुठ्ठा, हवेत मेणाचा वास. सईने त्यांची हनुवटी धरून त्यांचं तोंड आपल्याकडे वळवलं आणि म्हणाली, "आई."

मध्ये जरासुद्धा न थांबता म्हणाली.

मालूताईंचा चेहरा मला दिसत होता. त्यांनी डोळे मिटून घेतले. मी एका पायात बूट घेऊन तशीच उभी राहिले. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला वाटलं, असू दे, ही हाक त्यांनाच असू दे.

त्यांनी डोळे उघडले आणि सईचा हात हनुवटीवरून अलगद सोडवून आपल्या हातात घेतला. "अंहं. मी काकू. आई आत्ता येईल ऑफिसातून. म्हण बघू, काकू."

आणि त्या थांबल्या.

"काकू," सई म्हणाली.

"शाब्बास. पापी घेऊ का?"

सईने गाल पुढे केला.