सकपाळ आणि घडीचं धनुष्य

सकपाळांच्या घरात ताठ मानेने शिरता येत नाही. बाहेर चप्पल काढायची, दार लोटायचं आणि लगेच वाकायचं. तुम्ही कोण, किती शिकलेले, सोसायटीचे सेक्रेटरी आहात की आणखी कोणी, याच्याशी काही संबंध नाही. हॉलच्या मधोमध, छताच्या दोन हुकांना बांधलेल्या दोऱ्यांवर, एक भलंमोठं धनुष्य आडवं लटकत असतं आणि ते नेमकं माझ्या कपाळाच्या उंचीवर असतं. सकपाळ माझ्याहून वीतभर बुटके. त्यांना ते जन्मात कधी लागलं नाही.

पहिल्यांदा आपटलो तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकले. सकपाळ धावत आले. मला वाटलं, माझ्याकडे येतायत. ते सरळ धनुष्याकडे गेले, त्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "काही झालं नाही. थोडक्यात वाचलं."

"अहो, हे भिंतीवर का नाही लावत?" मी कपाळ चोळत ओरडलो.

"भिंतीवर?" ते माझ्यावरच उसळले. "ही भिंत आहे? हात लावून बघा, राणेसाहेब! नुसती ओल. बिल्डरने विटांऐवजी मिठागर रचलंय. असल्या भिंतीवर लाकडाची वस्तू लावू? निषेध!"

"मग कोपऱ्यात उभं करा."

"उभं केलं की धनुष्याचं पातं पिळतं. तुम्हाला वर्षभर कोपऱ्यात एका पायावर उभं केलं तर काय होईल?"

मी म्हटलं, मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे, रोज तेच करतो. त्यांना काही हसू आलं नाही.

'निषेध' हा सकपाळांचा आवडता शब्द. कारखान्यात ते युनियनचे माणूस, त्यामुळे हा शब्द तोंडात बसलेला. पण तो नुसता कारखान्याच्या गेटवर वापरून भागत नसे. टँकर उशिरा आला, निषेध. टँकर वेळेवर आला पण पाणी खारट, निषेध. वहिनी आमटीत आमसूल घालायला विसरल्या, तर जेवण पूर्ण करून, बोटं चाटून, निषेध. सोसायटीच्या सभेत चहा येण्याआधी त्यांचा पहिला निषेध नोंदवावा लागे, नाहीतर 'चहाआधी बोलू दिलं नाही' म्हणून दुसरा.

आम्ही दोघंही नव्वद सालाच्या आसपास नवघरला राहायला आलो. मी गिरगावातून, ते वरळीच्या चाळीतून. दोघांनाही मुंबईने बाहेर काढलं होतं. मी त्याबद्दल मनात चिडत असे, सकपाळ जिन्यात उभे राहून चिडत. पण खरं सांगायचं तर त्यांच्या सगळ्या रागांचं मूळ त्या धनुष्यात होतं.

त्यांचे वडील मुंबईतल्या एका जिमखान्यावर माळी होते. तिथे एक साहेब धनुर्विद्येचा शौक करायचा. परदेशी बनावटीचं, टोकाला बाक दिलेलं, म्हणजे रिकर्व्ह धनुष्य. एकसंध. साहेबाला नवं मिळालं तेव्हा त्याने जुनं माळ्याच्या अंगावर फेकलं. तरुण सकपाळ त्याच्यावर शिकले, तेही हिरवळीवर नाही, गोदामाच्या मागे. "हिरवळ माझ्या बापाने वाढवली, राणेसाहेब. पाय ठेवायची बंदी मला!" हे सांगताना ते 'निषेध' म्हणत नसत. तेवढ्या एकाच ठिकाणी तो शब्द त्यांना पुरत नसावा.

या धनुष्याला ते 'अखंड' म्हणत आणि त्यावर त्यांनी आपल्या मुलीला शिकवलं. सुजाता कॉलेजात होती. अंगाने काटक, बोलायला कमी, बापाच्या अगदी उलट. दर रविवारी सकाळी बापलेक गोडदेवच्या पलीकडे पाटलांच्या शेतावर जात. पेंढ्याचे भारे रचून निशाण केलेलं असे. तिथे एक ठरलेला विधी होता. सकपाळ चप्पल काढत, धनुष्यात पाय अडकवून ते वाकवत, दोरी चढवत, दोरी कानाजवळ आणून एकदा छेडत, मान हलवत आणि मग दोन्ही हातांनी ते सुजाताला देत. म्हणत, "घे." दोरी नेहमी बापानेच चढवायची. तिला येत नव्हतं असं नाही. पण तसं ठरलेलं होतं.

स्पर्धेलाही हेच. अखंड साडेपाच फुटी, आणि त्याचं कापडी कव्हर वहिनींनी जुन्या पडद्याचं शिवलेलं. ते एकट्या मुलीने कुठे न्यायचं म्हणजे पंचाईत. म्हणून सकपाळ रजा टाकून बरोबर जात. केबिन रोडवरून ही वरात निघाली की बघण्यासारखी असे. रिक्षात बाप, लेक आणि दोन्ही बाजूंनी बाहेर आलेलं धनुष्य. "सेठ, ये पर्दे का पाइप अंदर लो, किसी को लगेगा," असं एकदा रिक्षावाला म्हणाला. सकपाळ भर रस्त्यात रिक्षा थांबवून उतरले आणि त्याला अर्धा तास हिंदीत धनुर्विद्या शिकवली. सकपाळांचं हिंदी म्हणजे मराठीला 'है' लावलेलं. मागची सगळी वाहनं हॉर्न वाजवत होती. त्या वाहनांत मीही होतो आणि मला ऑफिसला उशीर झाला.

अशातच सुजाताची राज्य स्पर्धेसाठी निवड झाली. स्पर्धा अमरावतीला. आणि ठाण्याच्या तिच्या कोचसरांनी एक नवं धनुष्य महिनाभर वापरायला दिलं. टेकडाउन. म्हणजे मधली मूठ धातूची, वरचं पातं वेगळं, खालचं वेगळं. जुळवलं की धनुष्य, सोडवलं की पाठीवरच्या पिशवीत. पटलं तर ठेव, नाहीतर दुसरी मुलगी वाट बघतेय, असं सरांनी सांगितलं होतं.

सकपाळांनी पिशवी उघडून बघितली आणि बिल्डिंगला कळेल अशा आवाजात विचारलं, "हे काय आहे? छत्री?"

त्या दिवसापासून त्याचं नाव छत्रीच पडलं. जिन्यात, गच्चीवर, टँकरच्या रांगेत, जो सापडेल त्याला धरून सकपाळ विचारत, "मला सांगा, धनुष्य कधी सुटं असतं का? उद्या माणूसही सुटा करून पिशवीत भरतील. स्क्रू लावून नेम धरणार? निषेध!" तळमजल्यावरच्या शहाभाईंना तर त्यांनी इतकं छळलं की ते बिचारे वैतागून म्हणाले, "सकपाळभाई, अपने को तो दोनों चलता है." त्यांच्याशी सकपाळ आठवडाभर बोलले नाहीत.

माझा स्वार्थ उघड होता. अखंड गेलं तर माझं कपाळ वाचणार होतं. म्हणून मी कोचसरांची बाजू घेतली. सरांचं म्हणणं साधं होतं. अखंडच्या खालच्या पात्याला बारीक चीर गेली होती. ऐन स्पर्धेत ते मोडलं तर मुलीचं वर्ष गेलं, आणि डोळ्याला लागलं तर त्याहून वाईट.

"चीर नाही ती, लाकडातली रेघ आहे," सकपाळ म्हणाले.

"रेघ वाढते का हो?"

"तुमच्या कपाळावरची वाढतेय की."

मी शांतपणे पुढे म्हणालो, "आणि सोय बघा. पिशवी पाठीला लावली की झालं. सुजाता बाकीच्या मुलींबरोबर एकटी जाईल. तुम्हाला रजा नको, दगदग नको."

यावर निषेध येईल म्हणून मी तयारीत होतो. तो आला नाही. सकपाळांनी बनियनच्या टोकाने चष्मा पुसला आणि ते घरात गेले. मला वाटलं, चला, मुद्दा पटला.

कसलं पटतंय! दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर. "रविवारी फैसला. दोन्ही धनुष्यं, एकच मुलगी, एकच निशाण. पंच तुम्ही."

"मला यातलं काही कळत नाही."

"म्हणूनच. कळणारे सगळे विकले गेलेत."

रविवारी सकाळी माझी साखरझोप मोडून ते मला पाटलांच्या शेतावर घेऊन गेले. पाटील बांधावर बसून दात घासत होते. "आज तिगं?" त्यांनी विचारलं. "हा मानूस कोन हाय? ह्याला उभा करनार काय पेंढ्याम्होरं?" मी पंच असल्याचं सांगितलं. ते बराच वेळ हसले.

आधी अखंड. विधी झाला, दोरी छेडून झाली, "घे" झालं. सुजाताने बाण सोडले. सगळे निशाणाच्या मधल्या पिवळ्या ठिपक्यात, नाहीतर त्याला चिकटून. पण प्रत्येक वेळी दोरी ओढली की खालच्या पात्यातून कर्रर असा आवाज येत होता. तो मलासुद्धा ऐकू आला. सकपाळांना आला नाही, निदान चेहऱ्यावर तरी नाही.

"आता आण ती छत्री," ते म्हणाले. "मी जुळवतो."

मी चकित झालो. ज्या वस्तूला बोट लावणार नाही अशी शपथ घेतली होती, ती त्यांनी पाठमोरं बसून जुळवली, दोरी चढवली आणि एका हाताने तिला दिली. 'घे' म्हणाले नाहीत.

सुजाताने धनुष्य हातात घेऊन वरखाली पाहिलं. बापाकडे एकदा पाहिलं. मग उभी राहिली आणि बाण सोडला. तो पेंढ्याच्या पार वरच्या कडेला लागला. दुसरा आणखी वर, निशाणावरून निघून थेट पाटलांच्या कुंपणात. पाटील उठून चार पावलं मागे गेले.

"बघा!" सकपाळ गरजले. "पंच, बघितलंत? हे तुमचं नवं! ही तुमची सोय! निषेध!"

माझा संताप झाला. परवाच कोचसर सांगत होते, नव्या धनुष्यावर पोरीचा हात काय सुरेख बसलाय! मी बोलायला तोंड उघडलं, पण सुजाताने तिसरा बाण लावला होता. खांदे सरळ ठेवून ती चुकणारे बाण मारत होती. तिसरा चुकला. चौथा लावला. तोंडावर ना राग, ना रडू. मला ते बघवेना. मी सकपाळांकडे वळलो आणि बघतो तर त्यांनाही बघवत नव्हतं.

"थांब," ते म्हणाले. "सोडू नकोस. आण इकडे."

त्यांनी तिच्या हातातून धनुष्य घेतलं, दोरी उतरवली आणि खाली मातीत मांडी घालून बसले. "पाती अदलाबदल झालीत. खालचं वर लागलंय, वरचं खाली."

"चुकून?" मी विचारलं.

"नाही."

सुजाता त्यांच्यासमोर उकिडवी बसली. "मला माहीत होतं, बाबा. पात्यावर खूण असते. हातात घेतल्या घेतल्या दिसली."

"मग मारत का बसलीस, गाढवासारखी?"

"तुम्ही थांबवता का बघत होते."

"आणि नसतं थांबवलं तर?"

"तर अखंड घेऊन गेले असते," ती म्हणाली. "तुमच्याबरोबर."

सकपाळांनी दोन्ही पाती सोडवून मांडीवर घेतली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याकडे कशाचाही निषेध नव्हता. मग त्यांनी खूण बघून, नीट, पाती जिथली तिथे बसवली. दोरी चढवली. कानाजवळ नेऊन छेडली. "आवाज पत्र्यासारखा आहे," ते पुटपुटले, पण मान हलवली. उभे राहिले आणि दोन्ही हातांनी धनुष्य पुढे केलं.

"घे."

पुढचे बाण कुठे लागले हे मी सांगत नाही. पाटलांना विचारा, ते बांधावर परत येऊन बसले होते.

सुजाता अमरावतीला गेली तेव्हा बिल्डिंगच्या गेटवर सगळे जमले होते. पाठीला पिशवी, हातात डबा. सकपाळ सारखे पिशवीचा पट्टा ओढून बघत होते. पट्टा व्यवस्थित होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आमच्याकडे आला, कारण सकपाळांकडे फोन नव्हता. पोचली होती. "काका, बाबांना सांगा, जुळवताना खूण बघितली." निरोप द्यायला मी खाली गेलो. चप्पल काढली, दार लोटलं आणि सवयीने कमरेत वाकून आत शिरलो.

"वाकू नका, राणेसाहेब," सकपाळ खुर्चीतून म्हणाले. "वर घेतलंय."

मी मान वर करून बघितलं. अखंड छताला टेकलं होतं, दोऱ्या आखडून बांधलेल्या. "आता दर रविवारी कोण काढणार," ते म्हणाले. "तुमचीही तक्रार मिटली."

इतकी वर्षं जे मागत होतो ते मला मिळालं होतं. मी त्या हॉलमध्ये पहिल्यांदा ताठ उभा होतो आणि मला भयंकर राग आला. बापावर, पोरीवर, त्या छत्रीवर, कोणावर ते सांगता येणार नाही. वहिनी आतून चहा घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. त्याही वरच बघत होत्या.

"निषेध!" मी म्हणालो. "खाली घ्या ते. पोरगी परत येईल, तिला हात पुरायला नको? स्टूल कुठाय?"

सकपाळ उठले. त्यांनी स्टूल धरलं, मी दोऱ्या सोडल्या आणि धनुष्य त्याच्या जुन्या जागी आणलं. मग फोनवरचा निरोप सांगितला. त्यांनी तो माझ्याकडून परत परत वदवून घेतला. शेवटी मी जायला म्हणून वळलो आणि अर्थातच कपाळ काडकन आपटलं.

सकपाळ धावत आले. मी नेहमीप्रमाणे बाजूला सरकलो, त्यांना धनुष्य बघता यावं म्हणून. त्यांनी धनुष्याकडे पाहिलंही नाही. माझ्या कपाळावर हात ठेवून ते म्हणाले, "फार लागलं का हो?"