पाहुणीची धूळ

शनिवारी सकाळी दूध घेऊन परतलेल्या नकाशेवाल्यांना गॅरेजचं शटर उघडं दिसलं, आणि त्यांनी आत डोकावलं. त्यांची गाडी अर्धी स्वच्छ झाली होती. बॉनेटमध्ये तोंड दिसत होतं, आणि त्यांची मुलगी ओलं फडकं पिळून उजव्या दाराकडे वळत होती.

"बाबा, उद्या गिऱ्हाईक येणार ना? म्हटलं, जरा माणसात आणावी हिला," ती म्हणाली.

नकाशेवाले मटकन स्टुलावर बसले. दुधाची पिशवी त्यांच्या हातातच राहिली.

गाडी होती साठ वर्षांपूर्वीची, ब्रिटिश बनावटीची, दोन दारांची स्पोर्ट्स कूपे. लांब नाक, बसकं छप्पर, आणि मागे माणसापेक्षा टोपी बरी बसेल एवढीच जागा. सत्तावीस वर्षांपूर्वी नकाशेवाल्यांनी ती एका डॉक्टरांकडून घेतली आणि दोरीने ओढत घरी आणली. सहा महिन्यांत दुरुस्त करायची आणि पहिली फेरी बायकोला शेजारी बसवून मारायची, असा शब्द त्यांनी त्याच दिवशी दिला होता. पण हा माणूस जन्मभर पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढत आलेला. कागदावर उतरल्याशिवाय त्यांच्या घरातला खिळासुद्धा भिंतीत जात नसे. म्हणून आधी गाडीचे नकाशे काढणं आलं. एकशे चौदा नकाशे झाले, प्रत्येकाच्या कोपऱ्यात सुबक अक्षरात सूचना लिहून झाल्या, नकाशेवाले खात्यातून निवृत्तही झाले. स्क्रू मात्र एकही फिरला नाही. बायको गाडीला 'पाहुणी' म्हणायची. सहा महिन्यांसाठी येऊन इतकी रुळलेली पाहुणी तिने दुसरी पाहिली नव्हती.

आता पाहुणीला निघणं भागच होतं. मुलगी फिजिओथेरपिस्ट होती आणि तिच्या दवाखान्याची भाड्याची जागा महिनाअखेरीला सुटत होती. गुडघे धरून येणाऱ्या माणसांना रस्त्याला लागून, बिनपायऱ्यांची जागा हवी, आणि तशी जागा एकच होती, जिथे पाहुणी बसली होती. मुलीने तोंडाने काही मागितलं नव्हतं. नकाशेवाल्यांनी आपणहून जाहिरात दिली. बायकोने मात्र सोमवारी भंगारवाल्याला बोलावून ठेवलं होतं. रविवारी सौदा झाला तर उत्तम, नाहीतर हातोडा घेऊन तो येणारच, असं तिने कापडाला कात्री लावता लावता सांगितलं. ती शिवणकाम करायची आणि तिचे निर्णय कात्रीसारखेच असायचे.

गिऱ्हाईक म्हणजे जुन्या गाड्या पुन्हा उभ्या करणाऱ्या एक वर्कशॉपवाल्या बाई. त्यांनी फोनवर बजावलं होतं, की पुसू नका, धुऊ नका, धूळसुद्धा हलवू नका. लोक वरून चमकवतात आणि खालचा गंज झाकतात. हात लागलेली गाडी त्या घेत नसत. नकाशेवाल्यांनी लगेच चौकट आखून, बाण काढून 'हात लावू नये' अशी सूचना तयार केली आणि घरातून गॅरेजमध्ये उघडणाऱ्या दारावर चिकटवली. मुलगी आली रस्त्याकडून, शटर उघडून.

हे सगळं ऐकल्यावर मुलीचं तोंड एवढंसं झालं. "मग आता उरलेलीही पुसू का?"

"अजिबात नाही," नकाशेवाले म्हणाले आणि त्यांनी खिशातून पेन्सिल काढली. "गेलेली धूळ परत आणायची."

त्यांनी धुळीचा नकाशा काढला. छपरावर दोन मिलिमीटर, बॉनेटवर दीड, काचेखालच्या खोबणीत तीन. आता माल हवा होता. त्यांनी भीतभीतच बायकोला विचारलं, की पलंगाखाली, कपाटावर कुठे बरी धूळ मिळेल का.

मशीन थांबलं. "माझ्या घरात?" तिने विचारलं.

तिने दोघांना हाताला धरून घरभर फिरवलं. पलंग सरकवला, कपाटामागे बोट फिरवून ते बोट त्यांच्या नाकासमोर धरलं. बोट स्वच्छ होतं. ज्या घराला धुळीची गरज आहे त्या घरात चिमूटभर धूळ नव्हती, आणि याचा तिला झालेला आनंद लपत नव्हता. शेवटी व्हॅक्यूम क्लीनरची पिशवी सापडली. ती फाडल्यावर शेरभर राखाडी ऐवज निघाला. असा ढेकळांसकट ओतलात तर बाई हसेल, म्हणून बायकोने पिठाची जुनी चाळणी आणून दिली. नकाशेवाले स्टुलावर चढून चाळू लागले आणि बॉनेटवर खरोखरच देखणी धूळ उतरली.

दारावर मात्र ती टिकेना. उभ्या पत्र्यावरून सरळ घसरून खाली. तेव्हा मुलीला आपली चूक निस्तरायची संधी दिसली. मालिश करताना लावायची टाल्कम पावडर तिने धुळीत मिसळली, ती चिकटली, आणि सगळ्या गॅरेजला गुलाबाचा वास सुटला. त्या वासाने मुलीला शिंक आली. बॉनेटच्या मधोमध ताटाएवढं भोक पडलं. ते बुजवता बुजवता नकाशेवाल्यांच्या तळव्याचा ठसा उमटला, तो बुजवायला आणखी धूळ, असं करत दुपार कलली. संध्याकाळी तिघांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या आणि गाडी होती त्यापेक्षा पंधरा वर्षांनी म्हातारी दिसत होती.

रविवारी दहाच्या ठोक्याला बाई आल्या. निळा डगला, खिशात टॉर्च, आणि मागे ट्रेलर जोडलेला ट्रक त्यांनी स्वतःच चालवत आणलेला. त्या गाडीभोवती एक फेरी घालून थांबल्या आणि त्यांनी नाकाने हवा ओढली. मग बॉनेटवर वाकून दोन बोटांनी काहीतरी उचललं. हिरवा दोरा होता. त्यापाठोपाठ ब्लाउजवर शिवतात तसली एक टिकली निघाली, झगझगीत चंदेरी.

"सत्तावीस वर्षं हात लागलेला नाही म्हणालात," त्या म्हणाल्या. "मग ही गाडी लग्नाला कधी गेली होती?"

नकाशेवाल्यांना खोटं बोलण्याचा सराव नव्हता. त्यांनी कालची सगळी हकीकत सांगून टाकली आणि पुरावा म्हणून धुळीचा नकाशाही पुढे केला. मुलगी म्हणाली, चूक माझी आहे, राग माझ्यावर काढा. बाईंनी तो कागद उलटसुलट करून पाहिला. हसू दाबायला त्यांना बरेच कष्ट पडत असावेत.

"धूळ राहू द्या," त्या म्हणाल्या. "इंजिन जाम आहे का तेवढं सांगा. जाम असेल तर मी नाही घेणार."

"असणारच," नकाशेवाले म्हणाले. एवढं बोलताना त्यांना सोमवारचा हातोडा ऐकू आला. "इतकी वर्षं जागचं हललं नाही."

बाईंनी डिकीतलं, इंजिन हाताने फिरवायचं लांब हँडल काढलं, पुढच्या नाकाडात घातलं आणि पाय रोवून जोर लावला. त्यांचा तोलच गेला. हँडल लोण्यातून फिरावं तसं गर्रकन फिरलं. त्यांनी पुन्हा फिरवलं, प्लग काढून टॉर्चने आत पाहिलं, बोट घालून वास घेतला.

"हे तर दर महिन्याला कोणीतरी फिरवलंय," त्या म्हणाल्या. "आणि तेल सोडलंय. शिवणयंत्राचं."

सगळे दाराकडे वळले. दारात बायको उभी होती, गळ्यात मोजपट्टी.

"दर एक तारखेला," ती म्हणाली. "तुम्ही ऑफिसला गेलात की. नंतर वाचनालयात गेलात की. तुमच्याच बाराव्या नकाशाच्या कोपऱ्यात लिहिलंय, महिन्यातून एकदा इंजिन हाताने फिरवणे. लिहून ठेवलंत, मग कोणीतरी फिरवायला नको?"

नकाशेवाल्यांचे डोळे भरून आले. एवढी वर्षं जी बायको पाहुणीला नावं ठेवत होती, तीच तिला जिवंत ठेवत होती. त्यांच्या नकाशांपैकी निदान एक तरी कोणी वाचला होता, तोही मनापासून. त्यांनी बाईंकडे वळून सांगून टाकलं, की माफ करा, ही गाडी आता विकायची नाही.

"विकायची," बायको म्हणाली. "जाम झालेलं यंत्र कोण घेतं? चार पैसे यावेत म्हणून तर फिरवत होते. पोरीचा दवाखाना काय रस्त्यावर मांडायचाय?"

नकाशेवाल्यांनी मागितलेली किंमत बाईंनी मान्य केली, पण एका अटीवर. ते एकशे चौदा नकाशे त्यांना हवे होते, आणि ते समजावून सांगायला आठवड्यातून दोन दिवस नकाशेवालेही वर्कशॉपमध्ये हवे होते. नकाशेवाल्यांनी कधीपासून येऊ, असं तीनदा विचारलं.

चाकांत हवा भरून, अडकलेले ब्रेक मोकळे करून बाईंनी गाडीला ट्रेलरची तार लावली. ट्रेलर गाडी ओढून घेणार होता, पण स्टिअरिंग धरायला कोणीतरी आत बसायला हवं होतं. नकाशेवाले वाकून, दुमडून आत बसले. तेवढ्यात बायको आली. तिने केस नीट केले होते, बाहेर जायच्या चपला घातल्या होत्या आणि काखेला पर्स होती.

"अगं, पंधरा फूट जायचंय," नकाशेवाले म्हणाले.

"बाहेर निघालोय ना?" म्हणत ती शेजारी बसली आणि तिने काच खाली केली.

तार ताणली गेली. गाडी कुरकुरत गॅरेजच्या उंबऱ्यावरून उतरली, उन्हात आली, आणि वरची धूळ गुलाबाच्या वासासकट मागे उडू लागली. फडकं हातात घेतलेली मुलगी रिकाम्या गॅरेजमध्ये उभी राहून हात हलवत होती, आणि बायकोही खिडकीतून हात बाहेर काढून, लांबच्या गावाला निघाल्यासारखा तिला निरोप देत होती. नकाशेवाल्यांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं होतं आणि नजर रस्त्यावरून ढळू दिली नव्हती. ट्रेलरवर पोचून गाडी थांबली. बायकोने उतरायची घाई केली नाही. तिने पर्स मांडीवर नीट ठेवली आणि समोरच्या धुरकट काचेतून बाहेर पाहिलं.

"एवढ्यात पोचलो?" ती म्हणाली.