हे बरं, की हे?

"हे बरं, की हे?" असं दिवसभर लोकांना विचारणं हा चष्मेवाल्याचा धंदा होता. गिऱ्हाईक खुर्चीत बसे, चष्मेवाला त्याच्या डोळ्यांपुढे एक काच धरी, मग दुसरी धरी, आणि भिंतीवरची अक्षरं दाखवून हा प्रश्न विचारी. लोक पटापट उत्तरं देत. घरात ज्यांना कोणी काडीचंही विचारत नसे, ती माणसंसुद्धा इथं "पहिलं!" किंवा "दुसरं!" असं ठणकावून सांगत. शेवटी एखादा चाचरला आणि "दोन्ही सारखंच वाटतंय हो," म्हणाला, की चष्मेवाला खूश होई. "सारखं वाटतंय ना? मग सापडला तुमचा नंबर. आता थांबायचं," हे त्याचं ठरलेलं वाक्य होतं. संसाराच्या ओघात ते त्याच्या बायकोलाही पाठ झालं होतं.

स्वतःची पाळी आली तेव्हा मात्र चष्मेवाला वर्षभर खुर्चीतच बसून राहिला. त्याला शर्यतीच्या ट्रॅकवर पळवण्यासाठी एक गाडी तयार करायची होती. गाडी कुठली, हे कधीच ठरलं होतं. तिचं जुनं मॉडेल घ्यायचं की नवं, एवढंच काय ते ठरत नव्हतं. जुनं वजनाला हलकं, कॉम्प्युटरची लुडबुड नाही, स्टिअरिंग धरलं की रस्ता हाताला कळतो. नवं अंगानं मजबूत, इंजिन तगडं, ब्रेक झकास. पण जड, आणि वळणावर जरा गंमत करायला जावं तर आतला कॉम्प्युटर आगाऊ पाहुण्यासारखा मध्ये तोंड घालतो. सकाळी दाढी करताना चष्मेवाला जुन्याच्या बाजूचा असे आणि बूट घालेपर्यंत नव्याच्या बाजूचा होई.

दरम्यान मोटार क्लबाच्या प्रत्येक शर्यतीला तो जाई आणि कठड्याला टेकून, कोणी कुठल्या वळणावर काय चूक केली ते मोठ्यानं सांगे. त्यामुळे क्लबात त्याचं नाव 'कठडा' पडलं होतं. हे त्याला ठाऊक होतं, आणि ते त्याला फार लागलं होतं. या हंगामात आपण कठड्याच्या आतल्या बाजूला असणार, अशी त्यानं चारचौघांत प्रतिज्ञा केली होती.

त्याची बायको मातीची भांडी करायची. तिला भट्टी बसवायची होती आणि भट्टीला जागा म्हणजे गॅरेजच.

"गाडीचं तू नक्की करणार काय?" तिनं एकदा विचारलं.

"आधी मागच्या सीट काढायच्या. मग गालिचा, रेडिओ, एसी, दारांची आतली अस्तरं, सगळं काढायचं. जेवढं काढू तेवढं वजन कमी."

"मग गाडीच आणू नकोस. केवढं वजन वाचेल!"

चष्मेवाल्यानं अशा बोलण्याकडे लक्ष न देण्याची सवय लावून घेतली होती. तेव्हा बायकोनं निर्वाणीचं सांगितलं, "हे बघ, महिनाअखेरपर्यंत तुझी गाडी गॅरेजमध्ये आली तर गाडी. नाही आली तर माझी भट्टी. आणि या घरात गाडी एकच राहील." चष्मेवाल्याला स्फुरण चढलं. मागे फिरायची वाटच नको, म्हणून त्यानं घरची चांगली चालती गाडी आधी विकून टाकली आणि दुसऱ्या दिवसापासून बसनं दुकानात जाऊ लागला.

सल्ला द्यायला दोघं जण होते. एक त्याचा मेकॅनिक. हा चष्मेवाल्याला 'डॉक्टर' म्हणे आणि चष्मेवाला ते कधी दुरुस्त करत नसे.

"डॉक्टर, डोळे मिटून जुनं घ्या," मेकॅनिक म्हणे. "नव्याचं बॉनेट उघडलं तर नुसती प्लास्टिकची झाकणं. त्यात हात घालायचा तरी कुठं? मला कोणी फुकट दिली तरी घेणार नाही मी."

दुसरा बायकोचा भाऊ. त्याच्याकडे नवं मॉडेल होतं आणि ते त्याला विकायचं होतं, त्यामुळे त्याच्या मताला वेगळंच वजन होतं.

"भाऊजी, जुन्यात काय ठेवलंय? भंगार ते! माझी घ्या. घरातली गाडी घरात राहील. फक्त शनिवारच्या आत सांगा. दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे."

"कोण?"

"आहे एक. नाव सांगू नका म्हणालाय."

चष्मेवाला नवी गाडी घ्यायच्या अगदी बेतात होता, तेवढ्यात दुकानात गणिताच्या बाई आल्या. शाळेत त्यांनी त्याला भूमिती शिकवली होती. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, तरी त्या आत आल्या की चष्मेवाला अजून खुर्चीतून उठे.

"अरे, या चष्म्याचा स्क्रू ढिला झालाय, तेवढा आवळून दे," त्या म्हणाल्या. "आणि तुझ्या ओळखीत कोणी गाडी घेणारं आहे का?"

चष्मेवाल्यानं काचेतून बाहेर पाहिलं. फुटपाथला लागून जुनं मॉडेल उभं होतं, आणि तेही किती नीट राखलेलं!

"का विकताय, बाई?"

"म्हातारी झाली रे ती. दिवे पार मंद झालेत. संध्याकाळ झाली की समोरचं धड दिसत नाही, पाट्या वाचता येत नाहीत. दोनदा नवे दिवे बसवून घेतले, तरी फरक शून्य."

हे दुखणं दिव्यांचं नव्हतं. कुणाचं आहे, हे चष्मेवाला डोळे मिटून सांगू शकला असता. त्यानं फक्त डोळे मिटले. स्क्रू आवळला, काचा फडक्यानं पुसल्या आणि चष्मा बाईंच्या हातात दिला.

"वा! काय लख्ख केल्यास काचा," बाई म्हणाल्या. "आता कसं स्पष्ट दिसतंय!"

चष्मेवाल्यानं फडकं घडी करून ठेवलं. मग तो म्हणाला, "बाई, गाडी मीच घेतो."

"तू? छान झालं. ओळखीच्या घरी पडली म्हणायची. शनिवारी संध्याकाळी आणून देते."

"तुम्ही कशाला? मी घरी येऊन नेतो की."

"छे! शेवटची फेरी मलाच मारू दे."

दोन दिवस चष्मेवाल्यानं मनाची समजूत घालण्यात घालवले. ज्या बाईंना दिसत नाही त्यांच्या हातून गाडी काढून घेणं ही तर समाजसेवा झाली. मग नंबर का तपासला नाहीस, असं मन विचारी. त्यांनी कुठं मागितला होता, असं तो मनाला सांगे. मन गप्प बसे, पण तोंड वाकडं करूनच.

मेहुण्याला त्यानं 'बाईंचं जुनं घेतोय, नवं नको' असं कळवून टाकलं. मेकॅनिकला सांगितलं तेव्हा तर त्याला आनंदाचं भरतंच आलं.

"शाब्बास, डॉक्टर! जुनं ते सोनं. आणि मेहुण्यांना नक्की नाही म्हणालात ना?"

"नक्की."

"अगदी स्पष्ट?"

"अगदी स्पष्ट."

"उत्तम केलंत," मेकॅनिक म्हणाला आणि घाईघाईनं हात पुसू लागला.

शनिवारी संध्याकाळी दुकानाबाहेर धाडकन आवाज झाला. फुटपाथवर चष्मेवाल्याची माणसाएवढी पाटी उभी असे. तिच्यावर एक मोठा चष्मा काढलेला आणि खाली लिहिलेलं, 'नीट दिसत नाही? आत या.' ती पाटी आता बाईंच्या गाडीखाली आडवी झाली होती. चष्मेवाला धावत बाहेर गेला. आधी त्यानं बंपर पाहिला, मग बाईंना पाहिलं, आणि हा क्रम त्याचा त्यालाच फार लागला.

"ही पाटी कोणी मध्येच आणून ठेवली रे?" बाई उतरत म्हणाल्या. "बघ, दिवे असे आहेत! चल, कागद काढ. सही करून मोकळी होते."

आत येऊन त्यांनी किल्ली काउंटरवर ठेवली. ठेवली तरी तिच्यावरचा हात काही त्यांनी लगेच उचलला नाही.

"आमच्या चौघी मैत्रिणींचं पोहायला जाणं तेवढं बंद होईल," त्या सहज म्हणाल्या. "मीच न्यायची ना सगळ्यांना. त्या म्हणतात बसनं जाऊ. पण एकीचे गुडघे गेलेत, दुसरीला चढायची भीती वाटते. जाऊ दे. वय झालं की एकेक सोडायचंच. कुठं करू सही?"

"इथं खाली, बाई. या रेघेवर."

बाईंनी चष्मा नाकावर सारखा केला, पेन टेकवलं आणि सुंदर वळणदार अक्षरात सही केली. ती कागद सोडून काउंटरच्या काचेवर उमटली.

चष्मेवाला त्या सहीकडे बघत राहिला. कठडा, क्लब, पहिली शर्यत, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून जाऊन आलं. मग त्यानं एक मोठा सुस्कारा सोडला.

"बाई, जरा त्या खुर्चीत बसता का?"

"आता कशाला?"

"बसा तर खऱ्या."

त्यानं तपासणीची जड चौकट त्यांच्या नाकावर चढवली आणि काचा घालायला सुरुवात केली. "हे बरं, की हे?" "दुसरं." "आता? हे, की हे?" "पहिलं. अरे, तिथं खाली आणखी एक ओळ आहे!" बाईंची उत्तरं फटाफट येत होती, आणि प्रत्येक उत्तरागणिक गाडी चष्मेवाल्यापासून हातभर लांब जात होती. शेवटी त्या म्हणाल्या, "आता दोन्ही सारखंच दिसतंय." पण या वेळी चष्मेवाला खूश झाला नाही. चौकटीसकट त्यांना धरून तो बाहेर घेऊन आला आणि गाडीचे दिवे लावले. समोरची भिंत लखलखली.

"अगबाई! दुरुस्त केलेस?"

"नाही, बाई. गाडी ठणठणीत आहे. तुमचा नंबर वाढलाय."

बाईंनी चौकटीतून त्याच्याकडे रोखून पाहिलं. आता त्यांना सगळं स्पष्ट दिसत होतं, हीच पंचाईत होती.

"परवा तुला कळलं होतं हे?"

"हो, बाई."

"आणि स्क्रू आवळून मला घरी पाठवलंस?"

चष्मेवाल्यानं मान खाली घातली आणि वर्षभराची सगळी कहाणी सांगून टाकली.

"ट्रॅक म्हणजे काय रे?" बाईंनी विचारलं.

"गोल रस्ता असतो. त्यावर गाडी पळवत परत निघालो तिथंच यायचं."

"ते तर तू वर्षभर घरी बसून करतोच आहेस," बाई म्हणाल्या. किल्ली त्यांनी पर्समध्ये टाकली. "असो. उत्तर बरोबर आलं. पायऱ्या चुकल्या. अर्धे गुण."

नवा चष्मा होईपर्यंत गाडी हलवायची नाही असं ठरलं. बाई टॅक्सीनं घरी गेल्या आणि चष्मेवाल्यानं लगेच मेहुण्याला फोन लावला.

"सकाळीच गेली हो, भाऊजी! तुम्ही तर अगदी स्पष्ट नाही म्हणालात."

"गेली? घेतली कोणी?"

"आता सांगायला हरकत नाही. तुमच्या मेकॅनिकनं. कधीपासून मागे लागला होता! म्हणाला, डॉक्टर एकदा नाही म्हणू देत, मग घेतो. या हंगामात उतरवणार आहे म्हणे ट्रॅकवर." मेहुण्यानं आवाज खाली आणला. "बरं भाऊजी, त्या बाईंचं जुनं मॉडेल तुम्ही घेतलं नसेल तर मला बघता का? खरं सांगू? नव्यात ती मजा नाही."

चष्मेवाल्यानं फोन ठेवला. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. त्याच्या हाती तर घरच्या गाडीचं धुपाटणंही राहिलं नव्हतं. तो बसच्या थांब्यावर जाऊन उभा राहिला. तिथंही एक कठडा होता. चष्मेवाला त्याला टेकला नाही.

महिना संपला आणि गॅरेजमध्ये भट्टी आली. बायको टाकून बोलली नाही, हे तिचे उपकारच. भट्टी पहिल्यांदा पेटवली त्या दिवशी दोघं तिच्यासमोर स्टूल टाकून बसले, तेव्हा तिनं हळूच विचारलं, "आता तर प्रश्नच मिटला. मग खरं सांग, तुला हवी कुठली होती? जुनी, की नवी?"

चष्मेवाल्यानं प्रामाणिकपणे विचार केला. हलकेपणा, इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग, सगळं पुन्हा एकदा डोळ्यांपुढे आणलं.

"काय सांगू?" तो शेवटी म्हणाला. "आता दोन्ही सारख्याच वाटतात."

"सारख्याच वाटतात ना? मग सापडला तुझा नंबर," बायको म्हणाली. "आता थांबायचं."

चष्मेवाला हसला. वर्षभरात पहिल्यांदाच त्याला हलकं वाटलं, आणि तेही एकही सीट न काढता. भट्टी निवल्यावर बायकोनं तिच्यातून दोन कप काढले, एक निळा आणि एक करडा, आणि कौतुकानं त्याच्यापुढे धरले.

"यातला एक तुझा. कॉफी ओतते. कुठला देऊ?"

चष्मेवाल्यानं दोन्ही कप हातात घेतले. एक या हातात तोलला, दुसरा त्या हातात तोलला. उजेडाला धरून पाहिले.

"निळा हलका आहे," तो म्हणाला. "पण पकड करड्याची जास्त चांगली वाटते. आता बघ, वजनाचा विचार केला तर—"

बायकोनं दोन्ही कप त्याच्या हातातून काढून घेतले आणि कॉफी त्याच्या जुन्या, कान तुटलेल्या कपात ओतली.